सहा नंबरची लाइन

“हे इथे लावतो, तुमच्या डोळ्यांसमोर,” असं म्हणत व्हर्नन स्टाइपने माझ्या टेलिफोनच्या बोर्डाच्या वरच्या फळीवर खिळा ठोकायला सुरुवात केली. त्याच्या प्रत्येक ठोक्याला बोर्डावरची दोन-तीन झाकणं खाली पडत होती आणि मी ती बोटाने वर ढकलत होते. एरवी झाकण पडलं की समजायचं, त्या लाइनवर कुणीतरी हँडल फिरवलं. त्या दिवशी बघणाऱ्याला वाटलं असतं, अख्खं टॅलमन गाव एकदम फोनवर बसलंय.

पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘टेलिफोनवर फक्त इंग्रजी. राज्यपालांच्या हुकमावरून.’

स्टाइपची लाकडाची वखार होती. जर्मनीशी लढाई सुरू होईपर्यंत त्याला गावात कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मग जिल्ह्यात संरक्षण समिती निघाली, तो तिचा अध्यक्ष झाला, आणि वर्षभरात लोक त्याला बघून खुर्चीतून उठायला लागले.

“आणि जर्मन बोलताना कुणी सापडलं तर?” मी विचारलं.

“लाइन तोडायची. नाव मला कळवायचं.”

“मला कुठे जर्मन येतं? समोरचा जर्मन बोलतोय की हॅस्किन्स म्हाताऱ्याने कवळी काढून ठेवलीये, हे मी ओळखू कसं?”

तो हसला नाही. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “या गावात फोनवर जर्मन बोलणारा एकच प्राणी आहे. तो रोज चार वाजता खांबावर बसून आईला विचारतो, कोबी शिजला का. आता त्या कोबीचा जर्मनांच्या त्या कैसर बादशहाला काय उपयोग, ते तुमच्या समितीने शोधून काढावं.”

स्टाइपने हातोडी कोटाच्या खिशात टाकली. “खांबावर बसून,” तो म्हणाला.

“अहो, गंमत केली मी.”

“हो, कळलं ना,” असं म्हणून त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. गावात खांबावर चढणारा माणूस एकच होता.

त्याचं नाव हार्म आयलर्स. टेलिफोनचा लाइनमन. छत्तीस वर्षांचा, उंच, हाडकुळा, बिनलग्नाचा. कुठे तार तुटली, कुठे वाऱ्याने खांब कलला, की मी त्याला सांगायची आणि तो घोडागाडी जोडून निघायचा. पायाला लोखंडी काटे बांधून, कमरेचा जाड पट्टा खांबाभोवती टाकून तो वर चढायचा. जवळ तपासणीचा छोटा फोन असायचा. त्याचे दोन चिमटे तारेला लावले की खांबावरून थेट माझ्याशी बोलता यायचं.

रोज चार वाजता, जिथे असेल तिथून, तो चिमटे लावायचा आणि म्हणायचा, “बाई, आईचा नंबर द्या.” त्यांचं घर नऊ नंबरच्या लाइनवर, गावापासून चार मैलांवर. त्याची आई गेशे एक्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. चार वाजता चूल पेटवायची मात्र स्वतःच पेटवायची, कुणाचं ऐकायची नाही. चूल नीट पेटली, झगाबिगा जळला नाही, हे कळल्याशिवाय हार्मला चैन पडायचं नाही. जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं. आणि तिला त्यांच्या जर्मनखेरीज काही येत नव्हतं. चाळीस वर्षं अमेरिकेत राहून तिने इंग्रजीचा एकच शब्द उचलला होता, ‘सेंट्रल’. म्हणजे मी.

मी विधवा बाई. नवरा रेल्वेत गेला, म्हणजे रेल्वेखालीच गेला. त्यानंतर कंपनीने हा बोर्ड माझ्या पुढच्या खोलीत बसवला, त्याला एकवीस वर्षं झाली. लोक म्हणायचे, अल्टा प्रुइट सगळ्यांचं ऐकते. खोटं कशाला बोलू, ऐकायचीच. एकेका लाइनवर दहा-दहा घरं. एकाचा फोन वाजला की बाकीचे नऊही हळूच उचलायचे. माझ्यावर बोट दाखवणाऱ्यांनी आधी आपला हात बघावा. कुणी नुसता फोन उचलला तरी मला घर कळायचं. डनलपांकडे कॅनरी पक्षी होता, हॅस्किन्सांकडे लंगडत टिकटिकणारं घड्याळ, पाद्रीबुवांना खोकला.

स्टाइप गेल्यावर चार वाजता हार्मने फोन लावला, तेव्हा मी त्याला पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवलं.

“बरं मग,” तो म्हणाला, “आईला इंग्रजी शिकवा. हुशार आहे. एक्याऐंशीची आहे, नव्वदीपर्यंत शिकेल.”

“थट्टा नको, हार्म. श्रोडरचं काय केलं बघितलंस ना?” श्रोडर आमचा खोगिरं शिवणारा, तोही जर्मनच. त्याला भर चौकात झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं होतं, आणि त्याने ते घेतल्यावरही त्याचा हात मोडला होता.

“चूल चार वाजता पेटते, बाई. मी काय करू?”

मी नऊ नंबर जोडून दिला. पुढे आठ दिवस देत राहिले. स्टाइपसमोर माझ्या तोंडून काय निघून गेलंय, हे त्याला सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत शनिवार उजाडला.

शनिवारी दुपारी स्टेशनवर तार आली. रॉइस कॉबचा मुलगा लेलँड फ्रान्समध्ये लढाईत पडला. गावचा पहिलाच. कॉब घरोघर बर्फ पोचवायचा; अबोल, कष्टाळू माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तास-दीड तास माझ्या बोर्डावरची झाकणं पावसासारखी पडत होती. जो तो दुसऱ्याला तेच सांगत होता आणि रडत होता. मीही रडले. तीन वाजता चौकात सभा भरली. शनिवार असल्यामुळे शेतकरी बाजाराला आलेलेच होते. स्टाइप बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, पण लोक ओरडत होते ते माझ्या खिडकीपर्यंत येत होतं. मग चौक शांत झाला. मला वाटलं, संपली सभा.

चार वाजता सहा नंबरचं झाकण पडलं.

“बाई,” हार्म म्हणाला. आवाज बारीक होता. “मी गिरणीजवळच्या खांबावर आहे. खाली माणसं जमलीत.”

“किती?”

“तीसेक. डांबराची बादली आहे, वाफ येतेय. दोर आहे. उशा आणल्यात, डांबर फासून वर पिसं चिकटवायला. फुलाफुलांचे अभ्रे आहेत, कुणीतरी पाहुण्यांच्या खोलीतल्या काढून आणल्यात.”

त्याच्या आवाजामागे मला स्टाइप स्वच्छ ऐकू येत होता. जर्मनांना तेव्हा ‘हूण’ म्हणून हिणवायचे. “उतर खाली, हूण! उतर आणि झेंड्याचं चुंबन घे!”

“घे बाबा, घे,” मी म्हटलं. “उतर, म्हणतील ते कर.”

“श्रोडरनेही केलं होतं.”

मग काहीतरी धप्पकन आपटलं आणि हार्म कण्हला.

“दगड?”

“कानावर बसला. दुसरा कान चालू आहे, बोला.”

मी त्याची लाइन उघडी ठेवून शेरीफच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला. “ते मासे धरायला गेलेत,” ती म्हणाली.

“कधी?”

“हे काय, आत्ताच. जेवण अर्धवट टाकून गेले.”

मग मी लांब घंटा वाजवली. आमच्याकडे लांब घंटा म्हणजे आग, वादळ किंवा मयत. ती वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी फोन उचलायचा आणि जे सांगितलं जाईल त्यासाठी धावायचं. मुलांनासुद्धा हे शिकवलेलं असतं. गेल्या शरदात बार्लोंचं गोठ्याचं छप्पर पेटलं तेव्हा पंधरा मिनिटांत चाळीस बादल्या पोचल्या होत्या. नऊ नंबर सोडून मी सगळ्या लाइनी एकत्र केल्या आणि हँडल फिरवत राहिले.

फोन उचलले गेले. मी मोजत होते. कॅनरी आली, लंगडं घड्याळ आलं, खोकला आला, बार्लोंचं कुत्रं आलं. चौतीस घरं.

“मी अल्टा,” मी म्हटलं. “गिरणीजवळच्या खांबावर हार्म आयलर्सला घेरलंय. मारून टाकतील त्याला. कुणीतरी जा. जो जवळ असेल त्याने जा.”

हार्मची लाइनही त्यात जोडलेलीच होती. दगड खांबावर आदळत होते, ते चौतीस घरांत ऐकू येत होतं.

“मिसेस डनलप, तुमचे मालक तिथेच असतील ना? जाऊन हाक मारा त्यांना. तुमची हाक ऐकतील.”

कॅनरी दोनदा ओरडली. मग खट्. फोन ठेवला.

“बार्लो! तुमच्या गोठ्यासाठी हार्मचे हात भाजले होते. आठवतंय ना?”

खट्.

मग एकामागून एक, खट्, खट्, खट्. कुणी हळू ठेवला, जणू मला ऐकू जाणार नाही. एक तरुण आवाज म्हणाला, “अल्टाबाई, परत घंटा वाजवू नका हं. बाळ आत्ताच झोपलंय.” पाद्रीबुवा खोकले. “आपण प्रार्थना करू या,” ते म्हणाले, आणि त्यांनीही ठेवला. लंगडं घड्याळ सर्वांत शेवटी गेलं. हॅस्किन्स म्हाताऱ्याला चालता येत नव्हतं. त्याने निदान “देवा” एवढं तरी म्हटलं.

“गेले का सगळे?” हार्मने विचारलं.

“गेले.”

तेवढ्यात नवा आवाज सुरू झाला. एक ठोका, थोडी उसंत, मग दुसरा.

“हे काय?”

“कॉबने कुऱ्हाड आणली.”

“अरे, त्याला काहीतरी सांग!”

“काय सांगू? त्याच्या लेलँडला खांबावर चढायला मीच शिकवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात. तो खाली रडतोय, बाई. रडतोय आणि घालतोय घाव.” खांब हादरला की त्याचा श्वास तुटत होता. “आता उतरलो तर कुऱ्हाडीवरच उतरेन. आईचा नंबर द्या.”

माझा हात लाइन जोडायच्या दोरीवर होता, पण मी ती नऊ नंबरच्या भोकात घालेना. अजून मला आशा होती. लोक दमतील, कॉबचे हात गळून जातील, कुणाच्या तरी बायकोला लाज वाटून ती धावत येईल. पण हा वर बसून जर्मन बोलायला लागला आणि खालच्यांनी ते ऐकलं, की सगळं संपलं. नाही जोडला, तर कदाचित वाचेल. जोडला, तर आईशी बोलेल. दोन्ही मिळणार नव्हतं, आणि ठरवायचं मला होतं. माझ्याच जिभेने त्याला तिथे आणून ठेवल्यानंतर.

“हार्म, आधी कैसरला शिवी दे. मोठ्याने, इंग्रजीत. त्यांना ऐकू जाऊ दे.”

“कैसर गेला खड्ड्यात!” तो ओरडला. “त्याच्या सात पिढ्या खड्ड्यात!”

खाली हशा पिकला. मग दगडांचा असा मारा झाला की फोन माझ्या कानात कडाडला. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला. तोंडात काहीतरी भरल्यासारखा येत होता.

“दिली शिवी. दात गेले. आता द्या.”

“अजून थोडं थांब ना रे.”

“चार वाजून गेलेत, बाई. ती चुलीपुढे बसून वाट बघतेय. मी बोललो नाही तर ती मला शोधायला बाहेर पडेल, आणि तिला दिसत नाही.”

मी दोरी नऊ नंबरला लावली आणि घंटा दिली. पहिल्या घंटेलाच म्हातारीने उचलला. “हार्म?” ती म्हणाली.

मी माझी ऐकायची कळ मिटली. कानावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. एकवीस वर्षांत मी कुणाचं बोलणं सोडलं नव्हतं, प्रेमिकांचं नाही, मरणाऱ्यांचं नाही. हे मात्र माझ्याच्याने ऐकवलं नसतं, आणि ऐकायचा मला अधिकारही उरला नव्हता. मी समोरच्या घड्याळाकडे बघत बसले. चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. एकवीस. बावीसला काही सेकंद कमी असताना पाच, सहा, सात आणि आठ नंबरची झाकणं एकदम पडली. त्या चारही लाइनी गिरणीजवळच्या खांबावरूनच जात होत्या.

नंतर कळलं ते असं. खांब बुडाशी तुटला, पण तारांवर क्षणभर तरंगत राहिला. माणसं पळाली. मग तारा तुटल्या. हार्म पट्ट्याने खांबाला बांधलेला होता, त्यामुळे त्याला उडी मारता आली नाही. खांब त्याच्या अंगावर पडला. पळालेले परत आले. दोघा-तिघांनी त्याला लाथाही घातल्या. डांबर वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून तेही ओतलं. तेव्हा तो जिवंत होता की नाही, ते कुणी सांगत नाही. कॉब गिरणीच्या भिंतीला टेकून बसला होता, त्याला घरी उचलून न्यावं लागलं.

सोमवारी शाळेत चौकशी झाली. सहा पंच नेमले होते, त्यातले चौघे शनिवारी गिरणीजवळ होते. मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी जिल्ह्याच्या गावाहून आले होते. ते सभ्य गृहस्थ होते आणि त्यांना लवकर परतायचं होतं.

“खांब किडलेला असावा,” ते म्हणाले. “कर्मचाऱ्याच्या वजनाने पडला. असंच ना?”

“खांब दोन वर्षांपूर्वीचा होता,” मी म्हटलं. “मिस्टर स्टाइप यांच्या वखारीतला.”

“माझ्या वखारीतला एकही खांब किडलेला नाही!” स्टाइप ताडकन उठून म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूच खाली बसला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला.

“मिसेस प्रुइट, मृत माणूस शेवटी शत्रूच्या भाषेत बोलत होता का? जमाव भडकला असेल तर त्याला काही कारण असायला हवं.”

“मला माहीत नाही. मी ऐकलं नाही.”

आता मात्र सगळी शाळा हसली. बायका तोंडावर हातरुमाल धरून हसल्या. डनलपांना तर हसता हसता ठसका लागला. अल्टाने ऐकलं नाही!

“मी कळ मिटली होती,” मी म्हटलं. “पण त्याआधीचं सगळं ऐकलंय. माझ्याबरोबर कोणी कोणी ऐकलं तेही सांगते.” आणि मी नावं घ्यायला लागले. ज्यांनी ज्या क्रमाने फोन ठेवले, त्या क्रमाने. मिसेस डनलप. बार्लो. मिसेस स्टाइप. बाळ झोपलेली ती मिसेस व्हिटलॉक. पाद्रीबुवा. दहाव्या नावापर्यंत हसणं थांबलं. पंधराव्या नावाला अधिकारी म्हणाले, “पुरे.” मी पुढे चालूच ठेवलं. चौतिसावं नाव मी घेतलं तेव्हा शाळेत निम्मी माणसं उरली होती, आणि जी उरली होती ती जमिनीकडे बघत होती.

निकालात ‘अपघात’ लिहिलं गेलं. सहाही पंचांनी सह्या केल्या.

घरी आले तर दारावर देशद्रोह्यांच्या दाराला फासतात तसा पिवळा रंग फासलेला होता. खिडकीच्या काचा फोडल्या होत्या आणि एक दगड बोर्डावर पडला होता. कंपनीचं पत्र गुरुवारी आलं: तुमच्या सेवेची यापुढे गरज नाही. बोर्ड न्यायला दोन माणसं आली. त्यांनी तारा कापल्या. कापलेल्या तारांची टोकं भिंतीतून तशीच बाहेर लोंबत राहिली. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. करायची एक गोष्ट उरली होती, ती मी टाळत होते.

शेवटी रविवारी चालत निघाले. गाडीत घेणार कोण? चार मैल, जूनचं ऊन. गेशे अंगणात बाकावर बसून मटार सोलत होती. शेजारची मुलगी तिच्यासाठी स्वयंपाक करून गेली होती. हार्मला पुरून पाच दिवस झाले होते, आणि त्याच्या पाद्र्याला थडग्यापाशी इंग्रजीत बोलावं लागलं होतं, म्हणजे त्यातलं म्हातारीला काही कळलं नसणार.

मला सांगायचं होतं की ते माझ्यामुळे झालं. वाटभर मी वाक्य जुळवत आले होते. “मिसेस आयलर्स,” मी म्हटलं, “मी अल्टा प्रुइट. माझ्याकडून एक मोठी चूक झाली.”

तिने मान वर केली. शब्द तिला कळले नाहीत, पण आवाज कळला. सहा वर्षं रोज चार वाजता ऐकलेला.

“सेंट्रल,” ती म्हणाली.

“हो. सेंट्रल.”

तिने मटाराची टोपली बाजूला सरकवली, चाचपडत माझं मनगट धरलं आणि मला शेजारी बसवलं. मग बोलायला लागली. मधे मधे ती ‘हार्म’ म्हणायची, आणि थोडं थांबून त्याच्यासारखं बोलून दाखवायची, तोंडात दात नसल्यासारखं. एका जागी ती हसलीसुद्धा. एका जागी तिने माझं मनगट दुखेपर्यंत दाबलं. तो तिला जे बोलला ते सगळं ती मला सांगत होती. अख्ख्या टॅलमनमध्ये ते फक्त तिला माहीत होतं, आणि त्यातला एक शब्द मला कळत नव्हता.

रस्त्यावरून डनलपांची गाडी चालली होती. आम्हाला बघून त्यांनी घोडा हळू केला. म्हातारीचं बोलणं त्यांना नक्की ऐकू जात होतं. तिला गाडी दिसत नव्हती, म्हणून तिने आवाज कमी केला नाही. मीही तिला तसं सुचवलं नाही. गाडी जरा वेळ उभी राहिली, मग पुढे गेली. ऊन बाकावरून खाली उतरलं तरी ती सांगतच होती, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं.